चार बोटं

परिपत्रकात लिहिलं होतं :
स्कर्ट गुडघ्याखाली चार बोटं.
कुणाची बोटं, ते नव्हतं लिहिलेलं.
हेडसरांची मयड्याच्या केळ्यांसारखी,
माझी खडूंसारखी.
पहिल्याच सोमवारी नववी अ आणि नववी ब
वेगवेगळ्या लांबीच्या निघाल्या.
मग ऑफिसातून लाकडी पट्टी आली,
पावतीसकट, साठा-नोंदवहीत नंबर पडून,
आणि ती माझ्या हातात देण्यात आली.

सात वीस ते सात पस्तीस मी फाटकात.
समोर रस्ता, रस्त्यावर ट्रक,
तांबड्या मातीने शिगोशीग,
एकामागून एक आमोण्याच्या धक्क्याकडे.
शनिवारी पांढरा गणवेश.
पांढरा म्हणजे किती पांढरा,
तेही परिपत्रकात नव्हतं.
वेळग्याची मुलं चालत येत,
फाटकाशी पोचेतो विटकरी होत
कॉलरपासून मोज्यांपर्यंत.
मी वहीत लिहायचे : अस्वच्छ, अस्वच्छ, अस्वच्छ,
आणि माझ्याच साडीच्या निऱ्या झटकायचे.

केसांत फुलं नकोत, नियम सहा.
अबोलीचे वळेसर काढून घ्यायचे,
टेबलाच्या खणात ठेवायचे, शाळा सुटल्यावर परत द्यायला,
आणि विसरायचे.
अबोलीला वास नसतो.
त्यामुळे खण भरत गेला तरी
स्टाफरूममध्ये कुणाला कळलं नाही.

मग एका वर्षी ट्रक थांबले.
रस्ता इतका मोकळा
की कुत्री मधोमध झोपू लागली.
शनिवारचे सदरे पहिल्यांदाच
घरी जाईपर्यंत पांढरे राहिले.
हेडसर प्रार्थनेनंतर म्हणाले, शिस्त सुधारली.
कायतान मेस्त, साखळीच्या बाजारातला शिंपी,
ऐन जूनमध्ये मशीनवर हात ठेवून बसलेला.
"औंदू नवें कोणूच शिवना, टीचर.
हाडटात ते दुमड सोडपाक."

नववीची सानिशा माजिक
पट्टी लावायच्या आधीच पाय जुळवून उभी राहिली.
मोजलं. नियमात होतं,
वर अर्धं बोट शिल्लक.
पण स्कर्टच्या कडेला एकाखाली एक तीन निळे :
सहावीनंतरचा, सातवीनंतरचा, आठवीनंतरचा,
सगळ्यात खालचा सगळ्यात गडद,
इतकी वर्षं दुमडीत राहून ऊन न पाहिलेला.
हेडसर मागून म्हणाले, गणवेश म्हणजे एक रंग.
हे कुठल्या नियमात बसतं, मी विचारलं.
बसवा, ते म्हणाले.

वहीत चार रकाने : नाव, वर्ग, त्रुटी, कारण.
नाव लिहिलं. वर्ग लिहिला.
पुढे पेन थांबलं.
मागे रांग, घंटा होऊन गेलेली,
तिने वाकून वहीत पाहिलं
आणि मला मदत केल्यासारखं हळूच सांगितलं,
"टीचर, हांव लांब जालां."
मी कारणाच्या रकान्यात लिहिलं : उंची.
त्रुटीचा रकाना कोरा.

वही तपासायला गेली,
कोऱ्या जागी लाल शाईचं प्रश्नचिन्ह घेऊन परत आली.
मी उत्तर दिलं नाही.
धीट होते असं नाही,
दुसऱ्या दिवशी खेळांच्या स्पर्धा होत्या, राहून गेलं.

पट्टी अजून माझ्याकडे आहे. फाटकात अजून मीच.
ट्रक पुन्हा येतात आता, थोडे.
कॅनव्हासच्या बुटांवरचा तांबडा डाग
मुलं शनिवारी फाटकाबाहेर खडूने घासतात,
माझ्याकडे पाठ करून.
खडू कुठून आणता, मी विचारत नाही.
माझ्या टेबलाच्या खणाला कुलूप नसतं.
अबोली केव्हाच झाडून काढली.
तिथे खडूंची पेटी असते,
दर सोमवारी थोडी हलकी.